आयर्लंडचे नामवंत आणि आमचे बाबा

आयर्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या गावातला, शर्यतीची कुत्री पाळणारा माणूस मला पाठ आहे. त्याच गावातला बिशप, वाकड्या काठीनं चेंडू मारणारा खेळाडू, बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीचा मालक, सगळे पाठ. गाव मी जन्मात पाहिलेलं नाही. बेंगळुरात बसून परदेशी गावांची माहिती लिहायची, हीच माझी नोकरी. ‘नामवंत’ या सदराचा आमचा नियम एकच: माणसाबद्दल छापील पुरावा हवा. कुत्रेवाल्याचं पेपरात दोन ओळींचं कात्रण सापडलं. झाला नामवंत!

हे आयर्लंडचं काम चालू होतं, त्याच महिन्यात आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका निघायची होती. आम्ही मराठी माणसं बेंगळुरात तीन-चारशे वर्षांपासूनची, तेव्हा आपल्याही नामवंतांची यादी हवी, असं अध्यक्षांच्या मनात आलं. काम माझ्या गळ्यात पडलं.

बाबा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पण समाजात त्यांना ओळखायचे ते दुसऱ्याच कामासाठी. कुणाकडे मयत झाली की फोन आमच्या घरी. बनशंकरी असो की के. आर. पुरम, बाबा सुतळी घेऊन निघायचे आणि तिरडी बांधून द्यायचे. चाळीस वर्षं, फुकट. आपल्या पद्धतीनं तिरडी बांधणारं दुसरं कुणी उरलेलंच नाही.

एकदाच, चहा पिता पिता, त्यांनी विचारलं होतं की त्या पुस्तकात माझंही स्वल्प काही येईल का रे. बघतो म्हणालो. आणि बघितलं काय, तर पुरावा! तिरडी कुणी बांधली हे कोण मेला छापणार? यादीतून त्यांचं नाव काढलं. डॉक्टर, वकील, देणगीदार ठेवले. मला लाज कशी वाटली नाही, आजही कळत नाही.

स्मरणिका घरी आली. बाबांनी चष्मा लावून पानं उलटली, परत पहिल्यापासून उलटली आणि ती टीपॉयवर ठेवून दिली.

पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांची आई वारली. बाबांचे गुडघे दुखत होते, म्हणून मीही सोबत गेलो. ते अंगणात बसून बांबूंना सुतळी गुंडाळत होते. भोवती सगळा समाज उभा. अध्यक्षांनी डोळे पुसत मला विचारलं की एवढं करणारा माणूस, यांचं नाव यादीत कसं नाही? नजरचुकीनं राहिलं असेल, मी म्हणालो.

बाबांनी गाठ आवळली. वर न बघता अध्यक्षांना म्हणाले, “चुकून नाही, अण्णा. ह्यानं विचार करून काढलंय.”