कठड्यावरची जाळी
ओल्या धुळीचा वास आला की मला शेजारच्या वहिनीच आठवतात. शिरगावातल्या आमच्या इमारतीत तेव्हा अख्ख्या मजल्यावर एसी फक्त त्यांच्याकडे होता. दर रविवारी त्या एसीची जाळी धुवायच्या आणि घरात जागा असूनही पॅसेजच्या कठड्यावर, नेमकी माझ्या पापडांशेजारी वाळत ठेवायच्या. "बघ ना गं, किती धूळ! तुमचं बरंय बाई, पंख्याला मेंटेनन्सच नाही." मी हसायचे, पण आतून नुसती जळायचे. त्या आत गेल्या की पापड लांब सरकवायचे. आज आमच्या नव्या एसीची जाळी पहिल्यांदा धुतली आणि बाल्कनी सोडून मुद्दाम त्याच कठड्यावर नेऊन ठेवली. शेजारच्या दाराला कुलूप आहे. वहिनी टॉवरमध्ये राहायला गेल्या. तिथे म्हणे जाळ्या धुवायलासुद्धा माणूस येतो.