उजवीकडची जागा
गाडीच्या ताज्या रंगाचा वास आला की मला कुवेतच्या शुवैख भागातलं ते गॅरेज आठवतं. आखाती युद्ध संपून काही वर्षं झाली होती, आम्ही सालमियात राहत होतो आणि आयुष्यातली पहिली गाडी, तीही जुनी, बघायला गेलो होतो. विकणारा साताऱ्याकडचा, चाळिशीचा, अबोल माणूस होता. पांढरी गाडी उन्हात चकाकत होती. "तुम्ही दोघं चक्कर मारून या," तो म्हणाला. स्वतः आला नाही. तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून मी नवऱ्याच्या उजवीकडे बसून हौसेने खिडकीची काच खालीवर करत राहिले. परतल्यावर विकणाऱ्याने दफ्तर, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, पुढे केला. आमच्याबरोबर आलेल्या रत्नागिरीच्या शेजाऱ्यांना अरबी वाचता येई. वाचता वाचता ते थांबले. "भाऊ, इथे अपघाताची नोंद आहे. उजवी बाजू पूर्ण गेलेली, छतही कापलेलं." नवरा भडकला. "एवढं लपवलंत आमच्यापासून?" तो माणूस खाली बघत म्हणाला, "लपवलं नाही हो. तोंडाने सांगवत नाही, म्हणून कागद दिला. उजवीकडे माझी बायको बसली होती." मी नुकतीच त्याच दारातून उतरले होते. नवऱ्याने कागद दोन्ही हातांनी परत दिला आणि "माफ करा" एवढंच म्हणाला. गाडी आम्ही घेतली नाही. निघताना तो फाटकापर्यंत आला आणि कुणी विचारलं नसताना त्याने मला बायकोचं नाव सांगितलं. त्याचं स्वतःचं नाव आज मला आठवत नाही. तिचं मात्र विसरता येत नाही.