दोन स्पीकरच्या मधे

लोकांच्या घरी स्पीकर मांडून द्यायचा मला नाद. धंदा वायरिंगचा, पण वायरिंगचे किस्से होत नाहीत हो! दिवा लागला की माणूस विसरला. स्पीकरवाल्या प्रत्येक घरातून मात्र काहीतरी सोबत येतंच. आज सांगायला बसलोय ते आचऱ्याच्या कमलकाकींमुळे. बुवा, म्हणजे त्यांचे यजमान, जाऊन वर्ष होत आलं आणि काकींना त्यांचा आवाजच आठवेनासा झाला. बाई पार घाबरून गेली. पण ते एकदम सांगितलं तर मला वेड्यात काढाल, म्हणून आधी हे ऐका.

*

देवगडचे हसनभाई, मासळीचे व्यापारी. त्यांनी दोन्ही स्पीकर कपाटावर चढवलेले! लोकांना ही काय खोड असते, देव जाणे. मी ते कानाच्या उंचीवर आणले, भिंतीपासून पुढे ओढले, मधे अंतर सोडलं. असं केलं की ऐकणाऱ्याला गाणारा दोघांच्या बरोबर मधे, रिकाम्या जागेत उभा वाटतो. स्पीकर सरकवले की तोही सरकतो. नियमच आहे तो.

गाणं लावलं. आतून हसनभाईंची अम्मी आली, दारातच थबकली, ओढणी डोक्यावर घेतली आणि मुलावर उखडली, "घरात परको माणूस इलो तर आधी सांगूक काय झाला?"

"अम्मी, ता गाणा आसा."

"गाणा आसा तर माझ्या वाटेत कित्याक उभो?"

अजूनही अम्मी त्या खोलीत भिंतीकडून वळसा घालून जाते. गाणं बंद असलं तरी!

*

कुणकेश्वरला एका मास्तरांचं नवं घर. खोली किती घुमते बघायला मी आधी एक टाळी वाजवतो. भर दुपार, घरात मी आणि मास्तर दोघेच. वाजवली. आतल्या बंद खोलीतून टाळी परत आली! मी दोन वाजवल्या. आतून दोन. मास्तरांचा चेहरा माझ्याहून पांढरा.

"आत कोण आसा?"

"कोण नाय! बाबा सकाळीच बागेत गेलेत."

घाबरत घाबरत दार ढकललं. बाबा देवासमोर डोळे मिटून उभे. मागच्या दाराने कधी आले कोण जाणे! डोळे न उघडताच म्हणाले, "आरती सुरू केल्यात ना? मगे थांबल्यात कित्याक?"

*

मी, हसनभाई, मास्तर आणि अण्णा, असे आम्ही चौघे रविवारी दुपारी अण्णांकडे ऐकायला जमतो. अण्णा हापूसचे बागायतदार. हंगामात त्यांच्या त्याच खोलीत आंब्याचे खोके आणि गवत रचलेलं असतं. घुमणं सगळं त्यात मुरतं आणि गाणारा हाताच्या अंतरावर येतो. यंदा ट्रक भरून गेला, खोली रिकामी झाली, आणि गाणारा पार भिंतीपलीकडे गेला. अण्णांनी थेट मुंबईच्या दलालाला फोन लावला, "खोक्यात कोण गावलो काय रे?"

*

अण्णांकडे एका जुन्या मैफलीची सीडी आहे. दुसऱ्या गाण्यात डावीकडे कुणी श्रोता खोकतो. कोरडा, दोनदा. इतका खरा की मास्तर दर वेळी वळून बघतात. गेल्या महिन्यात दुसरं गाणं संपलं आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. खोकला आलाच नाही.

परत लावलं. पंखा बंद केला. प्रत्येकाने मधल्या खुर्चीत बसून ऐकलं. नाही म्हणजे नाही! शेवटी अण्णांनी सीडी काढून ठेवली. "बरो झालो असतलो."

"नायतर..." हसनभाई म्हणाले.

"हसन, चाय घे."

*

आता आचरा. बुवा भजनाचे बुवा होते. पडवीत खिडकीखाली चटई टाकून, पेटी घेऊन गायचे. मी एकदा दोन माईक लावून त्यांचं गाणं टिपलं होतं. काकी ते मोबाईलवर लावायच्या आणि रडायच्या. "ह्यो तेंचो आवाज नाय रे. डब्यातलो कोणतरी आसा."

सकाळी दहाला गेलो. चटई मधोमध येईल असे स्पीकर मांडले, काकींना समोर बसवलं. बुवांनी पहिला आलाप घेतला आणि काकींनी तोंडावर पदर धरला. "तेच! तेच रे झिला!" बाई रडत होती आणि हसत होती. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

पण डावा स्पीकर स्वयंपाकघराच्या वाटेत येत होता. काकी अडखळून पडतील, म्हणून गाणं चालू ठेवूनच मी दोन्ही स्पीकर चार हात उजवीकडे नेले. काकींची खुर्चीही नेली. म्हणजे बुवा आता उजवीकडे, बाहेरच्या दाराशी यायला हवेत.

आवाज चटईवरच.

स्पीकर पडवीच्या पार टोकाला नेले. वायरी तपासल्या, दोन्ही स्पीकरना कान लावला. बुवा आपले खिडकीखाली बसून गातायत, पेटीच्या भात्याचा आवाजही तिथूनच येतोय. काकी माझी धडपड शांतपणे बघत होत्या.

"काकी, आवाज आता लक्षात राहील ना?" मी कसंबसं विचारलं.

काकींनी चटईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लक्षात कित्याक ठेवूचो? तू तुझे स्पीकर घेवन जा. ते थयच बसतले."