भाऊजींचा कार्यभार

मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा सहाचा असताना आम्ही मृत्युपत्र केलं. आमचं काही बरंवाईट झालं तर मुलांना सांभाळायचं आणि मृत्युपत्रातलं सगळं पार पाडायचं, हे काम माझ्या मोठ्या दिरांकडे सोपवलं. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या दरबारी नोकऱ्या, त्यामुळे सही करताना भाऊजींना हुद्दाच मिळाल्यासारखं वाटलं. तेव्हापासून दर दसऱ्याला ते शिंदे की छावनीहून आमच्याकडे हरिशंकरपुरमला सोनं द्यायला येत आणि जेवणानंतर मुलांची तपासणी करत. आधी दात, मग प्रगतिपुस्तक. आम्ही नवराबायको समोर धडधाकट बसलेले असायचो, त्याचं त्यांना काही नाही.

यंदा मृत्युपत्र बदलायला गेलो, तर वकीलसाहेब हसायलाच लागले. "अब गार्जियन किसका, मैडम? बच्चे तो मुझसे लंबे हो गए!"

भाऊजींच्या जागी मुलीचं नाव घालायचं ठरलं. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला पदावरून काढल्याचं सांगायचं कोणी? ह्यांनी लगेच वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. भाऊजी दुखावले आणि दसऱ्याला यायचे थांबले तर? मला ते सहनच झालं नसतं. मला सख्खा भाऊ नाही. जे काय आहेत ते भाऊजीच.

दसऱ्याला श्रीखंडाची दुसरी वाटी पुढे सरकवून मी नवा कागद दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"तुम्हाला काढलं असं नाही हो भाऊजी," मी घाईघाईनं म्हणाले, "मुलं मोठी झाली, म्हणून…"

"म्हणजे आता मी तुमच्या आधी गेलो तरी चालेल?"

मी त्यांच्या वाटीत आणखी एक चमचा श्रीखंड वाढलं.

"सही केली त्याच दिवशी तंबाखू सोडली मी," ते म्हणाले. "रोज सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारतो, त्याही त्याचसाठी. पोरं मोठी होईपर्यंत मरायची सोय नव्हती ना. चला, आता दौलतगंजच्या पानवाल्याकडे जायला मोकळा झालो."

"काका, बिलकुल नहीं!" मुलगी ताडकन उठली. "मला अभी कुछ नहीं आता. आधी सगळं शिकवा, फिर देखेंगे."

भाऊजींनी कागदाची नीट घडी घातली आणि चष्मा सारखा केला.

"बरं," ते म्हणाले. "मग आधी दात दाखव."

आमची सत्तावीस वर्षांची नवी कारभारीण मुकाट्यानं त्यांच्यापुढे आ करून उभी राहिली.