बाईसाहेबांचं नाक

माझ्या दाजींचे दोन संसार, असं मी गमतीने म्हणायचो. एक माझ्या ताईशी, दुसरा बाईसाहेबांशी. बाईसाहेब म्हणजे त्यांची काळी कुत्री. पार्सलच्या गोदामात मी माल उतरवायचो आणि ही दोघं त्यातले अमली पदार्थ शोधायची. वास लागला की बाईसाहेब भुंकायची नाही, समोर मुकाट बसायची. मग दाजी तिला खिशातला रबरी चेंडू द्यायचे. "तिने खरं सांगितलं आणि आपण तिला खोटं पाडलं, की तिचं नाक गेलंच म्हणून समज," असं त्यांचं म्हणणं.

कॅन्सरच्या औषधांनी ताईच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना, तेव्हा दाजींनी कुठूनसं गांजाचं तेल मिळवलं. आमच्याकडे त्याला बंदी. मी भडकलो. "दाजी, डोकं ठिकाणावर आहे का? तुम्हीच?" पण जेवणाआधी जिभेखाली चार थेंब टाकले की ताई पोटभर जेवायची. ते पाहिलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. गणवेश चढवण्याआधी थेंब, मग साबणाने हात, हा दाजींचा नेम.

त्या सकाळी थेंब देताना तेल ताईच्या हनुवटीवर ओघळलं. उशीर झालेला, दाजी गणवेशातच. त्यांनी रुमालाने पुसलं आणि सवयीने रुमाल खिशात कोंबला.

गोदामात मोठ्या साहेबांसमोर तपासणी होती. बाईसाहेब खोकी हुंगत गेली, थबकली, वळली आणि दाजींसमोर येऊन बसली.

साहेब हसले. "काय हो, आज तुम्हालाच पकडलं? म्हातारी झाली वाटतं ही!"

सुटायला एवढं पुरे होतं. "चल, ऊठ" म्हणून तिला दटावलं असतं तरी भागलं असतं. म्हणा ना दाजी, मी मनात ओरडत होतो. बाईसाहेब शेपटी आपटत चेंडूची वाट बघत होती.

दाजींनी चेंडू काढून तिला दिला. "शाब्बास, बाईसाहेब." मग त्यांनी रुमाल काढून साहेबांपुढे धरला.

कुत्रीसाठी बायकोचं औषध घालवलं! त्या क्षणी मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

साहेब फोनकडे वळले, तशी दाजींनी घराची किल्ली माझ्या मुठीत दाबली.

"पळ," ते पुटपुटले. "हे लोक पोचायच्या आत ताईला जेवायला घाल."