दरडोई धान्य, दरडोई कर्ज

राइस मिलच्या ऑफिसात मी कोणतंच काम यादीशिवाय करत नाही. त्या आठवड्याची यादी होती रेशन कार्डात नावं चढवण्याच्या शिबिराची. मिलमधल्या चौदा बायांची नावं आणि कोणाचा कोणता कागद कमी आहे त्याची खूण. सगळ्यांत आधी कागद आणून दिले होते पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या बाईंनी. त्यांना दोन वर्षांच्या नातीचं नाव चढवायचं होतं. बुधवारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"माह्या नातीचं नाव यादीतून काटा, म्याडम."

"काऊन?" मी कारण विचारलं.

"मोबाइलवर सांगून राहिले, देशाचं कर्ज दरडोई हाय म्हनून. कार्डावर नाव चढलं का पोरीच्या डोक्यावर कर्ज चढते."

मला हसू आलं, पण टिकलं नाही. त्यांच्या कार्डावर जितकी नावं तितकं धान्य. 'दरडोई' हा शब्द त्यांनी आयुष्यभर रेशनच्या दुकानातच ऐकलेला. धान्य दरडोई घरी येतं, तर कर्ज का येणार नाही? चूक होती, पण हिशेबाला धरून होती. शिबिर शुक्रवारी होतं. नाव राहिलं असतं तर पोरीचं धान्य बुडालं असतं.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन बायांमध्ये बसले. सांगितलं, देशाचं कर्ज माणसांच्या संख्येने भागून दाखवतात, ते नुसतं माप आहे. वसुलीला कोणी दारात येत नाही.

"मंग फेडते कोन?" शिवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"सरकार, करातून. व्याजात पैसा जातो आणि दुसऱ्या कामांना कमी पडतो, हे खरं. पण नातीच्या नावावर काही लिहिलेलं नसतं."

"अन् देनं कोनाचं हाय? अमेरिकेचं?" दुसरीने विचारलं.

"थोडं बाहेरचं. बहुतेक देशातल्याच बँकांचं, विम्याचं, पीएफचं." मी शिवणाऱ्या बाईंकडे वळले. "तुमचा पीएफ कापतो ना आपण? त्यातला बराच पैसा सरकारच उसना घेतं."

त्या चावायच्या थांबल्या. "म्हंजे सरकार मायं देनं लागते?"

"अवं, सावकारीन हाय हे!" दुसरी ओरडली. "उद्यापासून इले वाकून नमस्कार करत जा."

सगळ्या हसल्या, त्या नाही. "थे ठीक. पन आपल्या देशात बनते काय? सारा माल चायनाचा. सरकार कर घेईन कोनापासून?"

मी कागद काढला आणि मिलमधल्या वस्तू लिहीत गेले. पोती, दोरा, वजनकाटा, धान भरडायचं यंत्र, सगळ्यांपुढे 'इथलं'. काळे दाणे वेगळे काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या यंत्रापुढे मी न विचारता 'परदेशी' लिहिलं. यंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री पाठीमागून वाचत होता.

"सांगाडा अन् मोटर इथलीच हाय, म्याडम. कॅमेरा तेवढा बाहेरचा."

मी खोडून 'दोन्हीकडचं' लिहिलं. यादी माझी असली तरी चूक ती चूकच. शेवटी लिहिलं, तांदूळ.

"थो तं वावरात होते," शिवणाऱ्या बाई म्हणाल्या.

"वावरात धान होतो. तांदूळ तुम्ही करता. हा कारखानाच आहे."

"आमी तं मिलमंदी जातो म्हनतो, कारखान्यात नाई." पण बोलताना त्यांनी सुट्टीपुरत्या बंद असलेल्या भरडायच्या यंत्राकडे जरा वेळ पाहिलं. मग हात धुऊन कामाला गेल्या. नावाबद्दल होय म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मी यादीत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

शुक्रवारी त्या नातीला कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या. पाळी आली तेव्हा अर्ज हातात घेऊन त्यांनी टेबलापलीकडच्या बाबूला विचारलं, "कर्जाचा रकाना कुठी हाय, आधी थो दाखवा."

बाबू गोंधळला. "कर्जाचा? असा रकानाच नाही, मावशी."

त्यांनी अर्ज उलटा करून मागची बाजू माझ्यापुढे धरली. मी वरपासून खालपर्यंत वाचून 'नाही' म्हणून मान हलवली.

"मंग लिवा," त्या म्हणाल्या आणि पोरीचं नाव सावकाश, दोनदा सांगितलं.