जंतूमार सिमेंटची लॅब

चार केमिस्ट एकत्र बसले की रिझल्ट कमी आणि किस्से जास्त निघतात. आमच्या नांदेडच्या लॅबमध्ये तर किस्से ठेवायला वेगळा फ्रिज लागेल!

काम तसं साधं. कीड काढल्यावर दातात जे सिमेंट भरतात, त्यात मिसळायचा मोनोमर आम्ही बनवतो. मोनोमर म्हणजे प्लास्टिकचे सुटे मणी. उजेड पडला की एकमेकांना धरतात आणि कडक होतात. आमच्या मण्यांनी जंतूही मारायला हवेत. बस्स, एवढंच!

माणसंही मोजकीच. गाईड सिद्दीकी सर, पीएचडीवाली मी, आणि लातूरला दातांचा दवाखाना असलेल्या वाघमारे मॅडम.

*

आईनं अर्धापूरला शेजारणीला सांगितलं, "पोरगी दातातले किडे मारून राहिली."

दुसऱ्या दिवशी शेजारीण कीड लागलेलं केळीचं पान घेऊन लॅबच्या दारात हजर. "ह्याच्यावरचे बी मरतेत का बघ की!"

*

पहिला जमलेला मोनोमर मी खिडकीत विसरून चहाला गेले. मे महिना! आले तर कित्येक महिन्यांची मेहनत बाटलीत घट्ट, त्यात चमचा उभाच्या उभा. मी रडायच्या बेतात.

सरांनी चमचा धरून अख्खी बाटली उचलली, हलवली. "पकड मजबूत है. एक टेस्ट पास!"

*

जंतूंची टेस्ट केली. मोनोमरवाली प्लेट साफ! मी नाचले. सरांनी मोनोमर न घातलेली प्लेट मागितली. तीही साफ. लाइट गेली होती, इन्क्युबेटर बंद पडला होता, जंतू वाढलेच नव्हते.

सर म्हणाले, "पेपरमध्ये लाइनमनचं नाव आधी टाका."

*

मग माणसाची लाळ हवी होती. वॉचमन खाजाभाईंना ट्यूब दिली. गालातलं पान दुसऱ्या गालात सरकवत त्यांनी विचारलं, "मॅडम, लाल चलती क्या?"

*

शेवटच्या टेस्टला खरे, काढलेले दात लागतात. वाघमारे मॅडमनी पेशंटची परवानगी घेऊन तीस दात बरणीत दिले. "एक जरी हरवला तर सगळं परत पहिल्यापासून," त्यांनी बजावलं.

बरणी मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. अहमदपूरच्या अलीकडं गाडीनं गचका खाल्ला, झाकण उडालं, दात सीटांखाली पांगले.

कंडक्टरनं एक उचलून पाहिला आणि ओरडला, "कुणाचे दात पडलेत?"

अख्ख्या गाडीनं आपापल्या दातांवरून जीभ फिरवली!

"माझे," मी कशीबशी म्हणाले. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. तोंडात तर सगळे जागच्या जागी.

"रिसर्चचे हो!" मला रडूच फुटलं.

मग मात्र ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. लोक वाकले. "हितं एक दाढ हाय!" "माझ्या चपलेखाली बी हाय!" एका आजोबांनी तर धोतराच्या सोग्यात गोळा करून आणले.

लॅबमध्ये सरांनी चिमट्यानं एकेक दात ट्रेमध्ये मांडला. मी डोळे घट्ट मिटून उभी. सर थांबले. परत पहिल्यापासून मोजायला लागले.

"बेटा," ते म्हणाले, "एकतीस हायत."